मांडवावरची जर्मन बाई

खरं संगीत अमर असतं. काळ त्याचं काहीही वाकडं करू शकत नाही. हे वाक्य मी आमच्या शहरात इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे की ते सुरू झालं की माझा हात आपोआप चहाच्या कपाकडे जातो. बोलणाऱ्याच्या खांद्यावर शाल असते, हातात गुच्छ असतो आणि मागच्या फलकावर संगीतापेक्षा मोठ्या अक्षरांत कुणाच्या तरी गृहप्रकल्पाची जाहिरात असते. मी टाळ्या वाजवतो. वाक्याशी माझं तसं भांडण नाही. फक्त मला एक संगीत माहीत आहे, ज्याचं काळाने काही केलं नसेल, पण माझ्या मित्राच्या, भास्करच्या वडिलांनी एका दुपारी बरंच वाकडं केलं. आणि त्यातून जे उरलं होतं त्याचं काय झालं, ते मी यंदाच्या हंगामात पाहून आलो.

फेब्रुवारी उतरणीला लागला की नाशिकच्या रस्त्यांवर द्राक्षं येतात. पेठ नाक्याला, दिंडोरी रस्त्याला, कॉलेजांच्या फाटकांबाहेर पिकअप गाड्या उभ्या राहतात. मागचं फळकूट पाडलेलं, त्यावर क्रेट, क्रेटवर ओलं वर्तमानपत्र, आणि विकणाऱ्याविषयी जरा जास्तच आपुलकी असलेला एक तराजू. गळालेले मणी चाकांखाली येऊन रस्त्याला आंबूस-गोड वास सुटतो. त्याच दिवसांत वडिलांच्या स्कूटरवर मागे बसलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट धरलेली मुलं दिसतात. परीक्षा आणि द्राक्षं आमच्याकडे एकाच वेळी तयार होतात, आणि दोन्हींचा भाव तिसरंच कुणीतरी ठरवतं.

हल्ली या दिवसांत बागांमध्ये संगीताचे सोहळेही होतात. मुंबईहून माणसं येतात, हिरवळीवर बसतात. हातात उंच दांड्याचे ग्लास, समोर गिटारवाले, मागे सूर्यास्त. द्राक्षबागेत पाश्चात्य संगीत, एक आगळा अनुभव, असं त्याचं वर्णन छापून येतं. माझ्या माहितीप्रमाणे आमच्या जिल्ह्यात द्राक्षबागेतला पाश्चात्य संगीताचा पहिला कार्यक्रम भास्करच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, केला. तो साळुंक्यांसाठी होता. त्यांनी येऊ नये, हाच त्याचा हेतू होता.

पण आधी फोनबद्दल सांगायला हवं.

यंदा काढणी सुरू झाल्यावर एका सकाळी सुमनवहिनींचा फोन आला. सुमनवहिनी म्हणजे भास्करची बायको. एरवी त्यांचा फोन म्हणजे "घरी द्राक्षं पाठवलीत, धुऊन खा." या वेळी आवाज वेगळा होता.

"भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा की."

"ही जर्मन बाई कोण?"

बायको समोर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली.

"कधीपासनं यांचं एकच चाललंय," वहिनी म्हणाल्या. "दिल्याला बोलव, जर्मन बाई ऐकायचीय. मी म्हटलं, जावई आला, नातू झाला, आता ही कोण उपटली?"

दिल्या म्हणजे मी. मी हसलो. त्याही हसल्या, पण त्यांचं हसणं अर्ध्यातच थांबलं. "कान लय गेलेत हो त्यांचे. नाशिकला डॉक्टरांना दाखवून आलो. ते म्हणले, आतली नस सुकत चाललीय. उरलंय ते कधी जाईल, नाय सांगता येत. मशीन दिलंय, ते लावीत नाहीत. म्हणून म्हटलं, येतंय थोडंफार ऐकू, तोवर येऊन जा."

असा माझ्यावर एका माणसाला त्या जर्मन बाईच्या गाण्यांची कॅसेट ऐकवण्याचा भार आला. जगातलं सगळं संगीत हल्ली खिशात मावतं म्हणतात, तेव्हा हे काम सोपं होतं.

भास्करचे कान कसे गेले, यात गूढ काही नाही. सगळी हयात त्याने बागेला औषध मारण्यात घातली. ट्रॅक्टरच्या मागे तो मोठ्या पंख्याचा ब्लोअर जोडलेला असतो. तो चालू झाला की शेजारच्या शिवारातली म्हैससुद्धा मान वळवून बघते. त्याच्या पुढ्यात बसून, पावसाळा सोडला तर जवळजवळ रोज, बागेतून फेऱ्या. मी एकदा म्हटलं होतं, कानांत कापूस तरी घाल. तो म्हणाला, "कापूस मालेगावकडं पिकतो. आपल्याकडं द्राक्षं. कानात द्राक्षं घालू का?" त्याच्या विनोदांना मी दरवेळी हसत आलो. या एकाला हसायला नको होतं, असं आता वाटतं. पण नसतो हसलो, तरी त्याने कापूस घातला नसताच.

आणि भास्करचे कान म्हणजे काय होते, हे त्या वर्षी ज्याने पाहिलं त्यालाच माहीत.

आम्ही दोघं नाशिकला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं घर सिडकोत, दोन खोल्यांचं, आणि त्यात खोल्यांच्या मानाने माणसं फार. परीक्षा जवळ आली की मळा असलेल्या मित्राकडे अभ्यासाला जाऊन राहायचं, ही तेव्हाची रीत. शहरातल्या आईबापांना वाटायचं, मळ्यात पोरगं एकाग्र होईल. मळ्यातल्या आईबापांना वाटायचं, शहरातलं पोरगं आलंय तर आपलंही वाचेल. दोघंही एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त. दिंडोरीच्या अलीकडे भास्करचं गाव, गावाबाहेर मळा, विहिरीशेजारी मोटारीची खोली. त्या खोलीत एक बाज, एक सतरंजी, स्टार्टरची पेटी, युरियाच्या रिकाम्या गोण्या आणि भास्करचा टेपरेकॉर्डर. रसायनशास्त्राची पुस्तकं आम्ही गोण्यांवर ठेवायचो, म्हणजे विषयाला धरून.

त्या खोलीत बसल्या-बसल्या भास्कर सांगायचा, "विहिरीकडनं तिसऱ्या ओळीत बसल्यात." मला पानांची सळसळसुद्धा ऐकू येत नसे. तो उठायचा, तिसऱ्या ओळीत जाऊन टाळी वाजवायचा, आणि द्राक्षवेलींच्या मांडवातून भुर्र करून साळुंक्या उठायच्या. मोटारीचं पाणी तुटायला आलं की स्टार्टर उडण्याआधी त्याला कळायचं. बांधावरून येणारी सायकल कुणाची, हे तो पाठमोरा ओळखायचा. मला ते सारं जादूसारखं वाटे. त्याला मात्र मला हे ऐकू कसं येत नाही, याचंच नवल. "तुझे कान सिडकोचे," तो म्हणायचा. "भिंत पातळ, तरी ऐकू येत नाय."

कॅसेट माझ्याकडे काकांकडून आली. काका सातपूरच्या एका कारखान्यात होते, तिथे जर्मन भागीदारी होती, आणि प्रशिक्षणाला म्हणून त्यांना तिकडे पाठवलं होतं. परत आल्यावर त्यांनी जर्मनीविषयी दोनच गोष्टी सांगितल्या: फुटपाथ स्वच्छ असतात आणि बटाटे फार खातात. सोबत स्क्रूड्रायव्हरचा एक संच आणला होता, ज्याला घरात कुणी हात लावायचा नाही. आणि ही कॅसेट. तिथल्या कुणीतरी निरोपाला दिलेली. काका नाट्यसंगीतवाले. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"घे. तुला इंग्रजी गाणी आवडतात ना?"

"काका, ही जर्मन आहेत."

"तेच ते."

बँडचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं, तर कुणी जाणकार कळवेल की हा त्यांचा सर्वांत पडेल अल्बम आहे. हे मला माहीत आहे. गेल्या महिन्यात मी इंटरनेटवर वाचलं. एका जर्मन गृहस्थाने अतिशय गंभीरपणे लिहून ठेवलंय की या अल्बमात बँड दमलेला वाटतो. दमलेला असेल. आम्हाला काय, आम्हाला ताजातवाना बँड कसा असतो हे कुठे माहीत होतं?

वेष्टनावर एक पेट्रोल पंप होता. त्यापुढे कोटातले तीन पुरुष तीन दिशांना बघत उभे, आणि मध्ये बारीक केस कापलेली एक बाई थेट आपल्याकडे बघतेय, जणू वेळ न ठरवता आलात कसे, असं विचारते आहे. गायची ती. आवाज गोड वगैरे नव्हता. कोरडा होता, आणि जरा उशिरा यायचा, म्हणजे ढोल, गिटार, पेटीसारखं ते काहीतरी, सगळे वेळेवर हजर आणि ही किंचित मागून, घाई नसलेल्या माणसासारखी. शब्द एकही कळत नव्हता. त्यामुळे मतभेदही नव्हते. पहिलं गाणं कशावर आहे, हे मी एक सांगायचो, भास्कर दुसरं, आणि दोघंही बरोबर असायचो.

तिसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबायची. आणि त्या शांततेत बाई श्वास घ्यायची. ऐकू येईल असा. मग गायची. भास्करला ते गाणं नव्हे, तो श्वास आवडायचा. "ऐक," तो म्हणायचा, हात वर करून. बाहेर शेजारच्या, लवकर पिकलेल्या बागेत काढणी चाललेली, बायांचं बोलणं, कात्र्यांचा आवाज, क्रेट नव्हते तेव्हा, पाट्या होत्या, त्यांची आपटाआपट. आणि भास्कर हात वर करून बसलेला. श्वास झाला की हात खाली. "आता लाव पुस्तक," म्हणायचा.

आता तात्या.

तात्या भास्करचे वडील. उंच, धोतर, टोपी, बोलणं कमी. त्यांचं सगळं लक्ष त्या एका बागेवर. त्या साली मण्यांत साखर उतरायला लागली आणि पाखरं सोकावली. डबे वाजवून झाले, गोफण झाली, फटाके झाले. तेव्हा पिंपळगावच्या कुणीतरी त्यांना सांगितलं की कॅसेटमधली फीत काढायची आणि मांडवावरून ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणायची. ऊन पडलं की चमकते, वारा आला की आवाज करते, पाखरू जवळ येत नाही. हे खरं आहे, लोक करायचे. पण त्यासाठी कॅसेट लागते, आणि ती फुकट जाणार असते.

तात्यांनी घरात कॅसेटी गोळा केल्या. हा प्रसंग आम्ही पाहिला नाही, त्या दिवशी आमची प्रात्यक्षिक परीक्षा होती, आम्ही नाशिकला. भास्करच्या आईने नंतर सांगितला. पहिली कॅसेट भजनांची. आई म्हणाल्या, "देवाचं नाव घिऊन पाखरं हाकलायची? पाप लागंल." ती बाजूला ठेवली. दुसरी पोवाड्याची. तात्या स्वतःच म्हणाले, "नाय. महाराजांना नाय टांगायचं." तिसरी भास्करच्या बहिणीच्या लग्नात वाजवलेली सनई. ती टांगली तर पोरीच्या संसाराला काय होईल, सांगता येत नाही. सिनेमाच्या गाण्यांची होती ती शेजाऱ्यांची, परत द्यायची. लावण्यांची एक होती. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही, तात्यांनी ती नुसती उचलली आणि कपाटात ठेवली.

राहिली आमची. तात्यांनी मोटारीच्या खोलीत येऊन ती लावून पाहिली म्हणे. एक गाणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "ह्यात देवाचं काय नाय, घरच्याचं काय नाय. ही बाई कुणाची कोण नाय." आणि फीत ओढायला घेतली.

मी पुढच्या आयुष्यात पुष्कळ समित्यांवर बसलो. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, याचा इतका नीट विचार केलेला मला पुन्हा कुठे दिसला नाही.

संध्याकाळी एसटीतून उतरून आम्ही मळ्याकडे आलो तेव्हा लांबूनच दिसलं. ऊन तिरपं झालं होतं आणि सगळ्या मांडवावर तपकिरी, चकचकीत रेघा. सुंदर दिसत होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्हाला वाटलं, काहीतरी नवीन आणलंय. खोलीच्या पायरीवर कॅसेटचं पोकळ झालेलं खोकं पडलं होतं. वेष्टनावरची बाई शेजारीच, उताणी, आकाशाकडे बघत.

मी काही बोललो नाही. मी तात्यांच्या घरी जेवत होतो. भास्कर बोलला, पण तोही तात्यांचा मुलगा, त्यामुळे फार नाही.

"तात्या, ती गाण्याची होती."

तात्या खांबावर गाठ मारत होते. मागे वळले नाहीत. "मंग? आता बी गातीय की. ऐक."

आणि खरंच. वारा आला होता. त्र्यंबकच्या डोंगरांकडून संध्याकाळी येतो तो. सगळ्या बागेवर एक बारीक, लांब, थरथरता आवाज धरला होता, मधमाश्यांपेक्षा उंच आणि माणसापेक्षा लांबचा. तात्यांनी गाठ पक्की केली, हात झटकले. "लय लांबडी हाय पण," ते म्हणाले. "चार ओळी झाल्या तरी बाई सरंना."

नंतर परीक्षा संपेपर्यंत आम्ही त्या आवाजाखाली अभ्यास केला. मला तो एकसारखाच ऐकू यायचा. भास्करला नाही. तो मांडवाखाली उभा राहायचा, मान खाली घालून, एक कान वर, आणि सांगायचा, "ही पहिल्या बाजूची दुसरी." मी म्हणायचो, मूर्खा, कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच फितीवर असतात, आणि वारा काही त्या वाचत नाही. तो नुसता आवाज आहे. मी पदार्थविज्ञानाचा मुलगा होतो. तो म्हणायचा, "तू गप." आणि मग हात वर. बराच वेळ वर. वारा मध्येच पडला की बाग एकदम शांत व्हायची, आणि मग पुन्हा तो आवाज उठायच्या आधी, भास्करचा हात खाली यायचा.

"घेतला," तो म्हणायचा. "श्वास घेतला तिनं."

पाखरं पहिले काही दिवस आली नाहीत. मग एक साळुंकी फितीच्या शेजारच्या तारेवर येऊन बसली, तिने जरा वेळ ऐकून घेतलं, आणि खाली उतरून खायला लागली. तिच्यामागून बाकीच्या.

पुढे मी सरकारी नोकरीत शिरलो, भास्कर बागेत राहिला. तात्या गेले. बाग दोनदा उपटून नव्याने लावून झाली, वाण बदलले, मांडवाचं लोखंड बदललं, वर पाखरांसाठी नायलॉनची जाळी आली. त्या अल्बमची आठवण आम्ही भेटलो की निघायची, पण ऐकावा असं दोघांपैकी कुणी मनावर घेतलं नाही. आधी मिळत नव्हता म्हणून. मग केव्हाही मिळेल म्हणून.

वहिनींच्या फोननंतर मी तो शोधला. शोधला म्हणणंही जास्तच झालं. बँडचं नाव टाइप केलं, पेट्रोल पंप समोर. बाई तशीच बघत होती. तिचं वय वाढलेलं नाही. मी एकटाच बसून, कानांत ते छोटे बोळे घालून, सगळा अल्बम ऐकला, आणि मला तो आवडला नाही, असं लिहायला धीर होत नाही, पण आवडला असंही म्हणता येत नाही. आवाज धुऊन-पुसून स्वच्छ केलेला आहे. आमच्या प्रतीत दुसऱ्या गाण्यात फीत एकदा गुंतली होती. तिथे बाई जरा घसरायची आणि सावरायची. आता ती तिथून सरळ निघून गेली. मी त्या गचक्याची वाट बघत बसलो होतो. पायरी आहे समजून पाय टाकावा तसं झालं. फोनवर गाण्याचे शब्द येतात, खाली भाषांतराचं बटण आहे. मी ते दाबलेलं नाही. या वयात नव्या निराशा ओढवून घेण्यात काही मजा नाही.

तिसऱ्या गाण्यातला श्वास मात्र होता. जागच्या जागी. तेवढ्यावर मी निघालो.

मळ्यात काढणी चालू होती. खोकी भरणाऱ्या बाया ओळीत बसलेल्या, आता सगळ्यांच्या डोक्याला जाळीच्या टोप्या आणि हातांत मोजे, परदेशी जाणारा माल म्हणून. भास्कर ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला, हसला, आणि खूप मोठ्याने म्हणाला, "आणली का?"

"आणली," मी म्हणालो.

"काय?"

"आणली!"

"ओरडतो कशाला?" तो म्हणाला. "मी बहिरा हाय, गाव नाय."

वहिनी पाणी घेऊन आल्या. "बघा भाऊजी, माझं एक ऐकू येत नाय यांना. व्यापारी भाव सांगतो, तो मात्र बांधावरनं ऐकू येतो."

"तो जाड्या आवाजात बोलतो," भास्कर म्हणाला. "तू बारीक बोलती. बारीक आधी गेलं." हे त्याने असं सांगितलं जसं एखाद्या औषधाने आधी कुठली कीड मरते ते सांगावं. डॉक्टरांनी त्याला कागदावर काढून दाखवलं होतं म्हणे. पाखरं गेली, पोरांचे आवाज गेले, बायकांचे चाललेत. ट्रॅक्टर शेवटपर्यंत राहणार.

मी फोन त्याच्या कानाशी धरला. पूर्ण आवाज. त्याने डोळे मिटले, मग उघडले. "ठक ठक येतंय," म्हणाला. मग आम्ही माझ्या गाडीत जाऊन बसलो, काचा वर करून, गाडीच्या स्पीकरवर. माझे कान दुखायला लागले. काचेबाहेर बाया काम थांबवून बघत होत्या. भास्करने तळहात दरवाजाच्या आतल्या बाजूला टेकवला. "हातात येतंय," तो म्हणाला. "कानात नाय."

"मशीन लावा की मग," वहिनी काचेबाहेरून ओरडल्या. "एवढं आणलंय कशाला?"

आम्ही परत ओट्यावर आलो आणि त्या घरातून खोकं घेऊन आल्या. मखमलीच्या कप्प्यात दोन छोटे शिंपल्यासारखे तुकडे. भास्कर कुरकुरत म्हणाला की ते लावलं की डोक्यात भांडी पडतात. पण लावले. फोन त्या यंत्राला थेट जोडता येतो, वहिनींना ते येत होतं. नातवाचा आवाज ऐकवायला त्या तसंच करतात. मला काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून मी फोनवरच्या सरकत्या रेघेकडे बघत बसलो. तिसरं गाणं लावलं.

"येतंय?"

"येतंय. ढोल येतोय." तो खुश झाला. "काठी वाजती ती पण येती जरा." मग वाट बघायला लागला. मान खाली, एक बाजू किंचित वर, अगदी तसाच. रेघ पुढे सरकत होती. बाई केव्हाच गायला लागली असणार. पहिलं कडवं संपलं असणार.

"बाई कधी येती?" भास्करने विचारलं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, त्याला ऐकू जाणार नव्हतंच तरी हळू, "ती मशीनवाली मॅडम म्हणली होती. समोरच्याचं बोलणं तेवढं ते धरतं. बाकी लांबट सूर-बिर आला की गोंगाट समजून दाबून टाकतं. गाणं कुठलं नि गोंगाट कुठला, ते त्याला कळत नाय म्हणे."

"येईल," मी भास्करला ओरडून सांगितलं. "सुरुवातीला नुसती वाद्यं आहेत."

त्याने मान हलवली. रेघ सरकत होती. मला ते गाणं पाठ होतं, त्यामुळे मी रेघेवरून सांगू शकत होतो की ती आता कुठे आहे. दुसरं कडवं. मग ते वळण. मग सगळं थांबतं ती जागा. भास्करचा हात वर गेला. ढोल थांबले, तेवढं त्याला कळलं होतं. हात वर, डोळे मिटलेले, बाया पलीकडे खोकी भरतायत. मी स्वतः श्वास धरून बसलो होतो, त्याचा काही उपयोग नसताना. रेघ ती जागा ओलांडून गेली. ढोल पुन्हा सुरू झाले असणार, कारण त्याची बोटं हलली. हात मात्र तसाच राहिला, गाणं संपेपर्यंत, आणि संपल्यावरही थोडा वेळ.

मग त्याने हात खाली घेतला आणि वर जाळीकडे पाहिलं. एकही पान हलत नव्हतं.

"आज वारा नाय," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्या कानांतून ते तुकडे काढले, पदराच्या टोकाने पुसले आणि कप्प्यात ठेवले. हे महागाचं असतं, जपावं लागतं. निघताना त्यांनी मला द्राक्षांची पेटी दिली आणि माहितीपत्रक वाचून काही वेगळी खटपट करता येते का ते बघा म्हणून यंत्राचं खोकंही माझ्या हातात दिलं. मी गाडीत बसून ते उलटंसुलटं करून पाहिलं. माहितीपत्रक पुष्कळ भाषांत होतं, मराठी सोडून. यंत्र जर्मन बनावटीचं आहे.